भोंगा आता कोण वाजवणार?

पत्र: "मी ३१ वर्षांचा आहे. पुण्यात सहा वर्षं आयटी कंपनीत होतो. दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून सोलापूरला घरी आलो आणि वेबसाईट बनवायची कामं स्वतंत्रपणे घ्यायला लागलो. काम मिळतं, क्लायंट बरे आहेत, पण दिवस हाती लागत नाही. उठायला नऊ, फोन बघता बघता दहा. मग आई काहीतरी आणायला पाठवते, बाबा बँकेत. दुपारी जेवून झोप, संध्याकाळी मित्र. खरं काम रात्री अकराला सुरू होतं आणि दोनला संपतं. एकवीस दिवसांचं चॅलेंज तीनदा घेतलं, तिन्ही वेळा नवव्या-दहाव्या दिवशी मोडलं. गंमत म्हणजे नळाला पाणी यायच्या दिवशी मी पहाटे चारला गजराशिवाय उठतो! बाबा म्हणतात, तुझे आजोबा पस्तीस वर्षं गिरणीत वेळेवर गेले, तुझ्यात ती शिस्तच नाही. खरंच नसेल तर पुण्याला परत जाऊन नोकरी धरू का?"
– एक वाचक, जुळे सोलापूर

तुझ्याएवढा माझा भाचा आहे, त्यामुळे थेट अरेतुरेवरच येते.

आधी बाबांचं वाक्य घेते, कारण पत्रात तेच सगळ्यात खोल रुतलेलं दिसतंय. मीही गिरणीवाल्याचीच लेक. आजोबा सोलापूरच्या 'जुनी मिल' नावाच्या गिरणीत होते, १८७७ साली सुरू झालेल्या. वडील दुसऱ्या एका गिरणीत, साच्यावर, म्हणजे मागावर. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आमच्या चाळीत एकदम सगळे स्टोव्ह भरभरायला लागायचे. भोंगा पुन्हा व्हायच्या आत फाटकातून आत जायचं. उशीर झाला तर पाळी गेली, म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, आणि तुमच्या साच्यावर बदलीवाला उभा. वडील असे सव्वीस वर्षं गेले. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेले असायचे, आणि आम्हा पोरांना वाटायचं, बाबा रोज थोडे म्हातारे होऊन येतात आणि तोंड धुतलं की पुन्हा तरुण होतात.

नव्वदच्या दशकात गावातल्या गिरण्या एकेक करून थंडावल्या, त्यात त्यांचीही गेली. आता पुढचा भाग तुझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखव. सुरुवातीचे काही आठवडे वडील साडेपाचला उठत होते. आंघोळ, केसाला तेल, भांग, आणि ओट्यावर येऊन बसायचे. जायचं कुठेच नसायचं, पण पायात चपला. मग साडेपाचचे सहा झाले, सहाचे सात. दिवाळी आली तेव्हा ते साडेआठला उठत होते आणि दुपारी जेवून पुन्हा आडवे होत होते. आई देवासमोर उभी राहून पुटपुटायची, या माणसाला झालंय तरी काय. सव्वीस वर्षांची शिस्त होती, सहा महिनेसुद्धा टिकली नाही. नंतर पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्याने त्यांना सकाळी सातला कांड्यांचा, म्हणजे सूत गुंडाळलेल्या नळ्यांचा, हिशोब ठेवायला बोलावलं. आठवड्याच्या आत वडील पुन्हा साडेपाचला उठायला लागले. माणूस तोच, अंथरूण तेच.

त्या दिवसापासून "अमक्यात शिस्त आहे, तमक्यात नाही" या बोलण्यावरचा माझा विश्वास उडाला. सवय माणसाला चिकटते त्याहून जास्त ती जागेला, वेळेला आणि आजूबाजूच्या माणसांना चिकटते. सवयींचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञही हेच सांगतात: परिस्थिती बदलली की जुनी सवय पोरकी होते, मग ती चांगली असो की वाईट. तुझे आजोबा वेळेवर जायचे यात त्यांचं मोठेपण आहेच, मी ते काढून घेत नाही. पण त्यातला निम्मा वाटा भोंग्याचा होता. पुण्याच्या कंपनीत तुलाही भोंगा होता. कार्ड लावायचं दार, दहाची मीटिंग, समोरच्या टेबलावरचा माणूस. तेव्हा सहा वर्षं तू वेळेवर गेलासच ना?

आता पाण्याचं. ते तू गंमत म्हणून लिहिलंस, पण मला पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य ते वाटलं. पाणी यायच्या दिवशी तुझं सगळं घर उठतं. कुणी प्रेरणादायी व्हिडिओ बघत नाही. वेळ साधारण ठरलेली. नळ सुटला की काय करायचं हे झोपेतही पाठ: मोटर लाव, पाईप टाकीत सोड, मग बॅरल, मग हंडे, शेवटी बादल्या. चुकलं तर पुढचं पाणी येईपर्यंत चटके, आणि घरातला प्रत्येक जण नाव घेणार. वेळ, ठरलेला क्रम, लगेच भोगावा लागणारा परिणाम आणि सोबत, या चार गोष्टी जमल्या की तू पहाटे चारला उठतोस. वेबसाईटच्या कामात यातली एकही नाही. क्लायंट पुण्यात, मुदत महिनाअखेर, काम म्हणजे "वेबसाईट", आणि तू खोलीत एकटा. तिथे तुझ्या आजोबांचंही नऊला उठणं झालं असतं, बाबांना राग येणार असला तरी लिहिते.

मग घरी बसून, मालक समोर नसताना, वर्षानुवर्षं कामं होतात कशी? आपल्या गावात हे विचारायला लांब जायला नको. विड्या वळणाऱ्या बायका बघ. आमच्या शेजारी अक्का होत्या, घरात तेलुगू बोलायच्या आणि आमच्याशी मराठीत. त्यांना ना फाटक, ना मुकादम. दोन पोरं, आजारी सासू, दारात सतत कुणीतरी. तरी त्यांचा माल रोज तयार.

मी लहानपणी त्यांच्या उंबऱ्यात बसून बघायची. रात्री जेवणं झाली की अक्का तेंदूची पानं भिजत घालायच्या, मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. सकाळी पान मऊ, कात्रीला सोपं. पत्र्याचा साचा पानावर ठेवून पानं कापून व्हायची, मग सूप मांडीवर. सूप मांडीवर आलं की अक्कांच्या दृष्टीने कामाची पाळी सुरू. बोलायच्या, हसायच्या, सासूला हाका मारायच्या, पण बोटं थांबायची नाहीत. कुणी काही मागायला आलं तर मान वर न करता म्हणायच्या, "एवढं बंडल होऊ दे." मग माल घेऊन कारखान्यात. तिथे तपासणारा माणूस, खराब विडी बाजूला काढणार, उरलेल्या मोजून वहीत लिहिणार. दुसऱ्या दिवसासाठी पानं, तंबाखू घेऊन परत.

यात गोडवा शोधू नकोस. मोबदला तुटपुंजा, तंबाखूच्या धुळीने खोकला, पाठीचं धनुष्य झालेलं. मी त्या कामाची आरती करत नाहीये. फक्त एवढं दाखवते की भोंगा नसतानाही तिथे दिवसाला कणा होता, आणि तो अक्कांच्या मनोधैर्यावर उभा नव्हता. रात्री भिजवलेली पानं, मांडीवरचं सूप आणि मोजून घेणारा माणूस, यांच्यावर उभा होता.

हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते निवृत्तीनंतर. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, तासाच्या घंटेवर जगले, आणि निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता निवांत लिहीन. चांगलं टेबल घेतलं, दिवा घेतला, तीन वह्या आणल्या. आठ महिन्यांत चार पानं लिहिली. त्यातलं एक पान वेळापत्रकाचं होतं, रंगीत पेनांनी केलेलं. एकदा अक्का भेटायला आल्या, फार थकल्या होत्या तेव्हा. विचारलं, "काय करायलीस आता?" म्हटलं, लिहिते. "रोज किती?" मी गप्प. "आणि देतीस कुणाला?" त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पानं मोजता येत होती. म्हणाल्या, मला दाखवत जा. मी रोज संध्याकाळी एक पान घेऊन जायला लागले. त्या पान हातात घेऊन उलटसुलट बघायच्या, भरलंय की नाही तेवढंच, आणि बाजूला ठेवायच्या. एकदा अर्धं पान नेलं तर परत दिलं. छाटलेल्या विडीसारखं! पुढच्या दीड वर्षात मी जे लिहिलं ते त्या मोजणीच्या धाकाने.

तेव्हा तुझ्यासाठी पहिलं काम: मोजून घेणारा माणूस शोध. आई नको, आई पहिल्याच दिवशी माफ करते. जिवलग मित्रही नको. तुझ्यासारखंच घरून काम करणारा पुण्यातला एखादा जुना सहकारी बघ. रोज रात्री साडेआठला तू त्याला एक फोटो पाठवायचा, त्याने तुला: आज पूर्ण झालेल्या कामाचा, स्क्रीनचा. खाली काही लिहायचं नाही, सबब तर नाहीच. काम झालं नसेल तर कोऱ्या भिंतीचा फोटो पाठवायचा. आणि क्लायंटला स्वतःहून सांग की दर मंगळवारी आणि शुक्रवारी झालेलं काम दाखवीन, अर्धवट का असेना. क्लायंट खूश होतो तो भाग वेगळा, पण महिनाअखेरची एक लांबची मुदत मोडून आठ जवळच्या मुदती होतात. नळाला महिन्यातून एकदाच पाणी आलं असतं तर तू त्या दिवशीही झोपून राहिला असतास, कारण कुठला दिवस ते लक्षातच राहिलं नसतं.

दुसरं, पानं रात्री भिजत घालायची. काम थांबवताना उद्याचं पहिलं काम कागदावर लिहून लॅपटॉपवर ठेव. "वेबसाईटचं काम" असं लिहिलंस तर ती न भिजलेली पानं झाली, सकाळी कात्री लावली की फाटणार. असं लिही: "दवाखान्याच्या साईटवरचा अपॉइंटमेंटचा फॉर्म, मोबाईलवर फोन नंबरचा रकाना बाहेर जातोय तो बसवणे." एवढं बारीक, की सकाळी ठरवायला काही उरूच नये. सकाळी माणूस आळसापेक्षा जास्त ठरवण्यात अडकतो. कुठून सुरू करू या प्रश्नावर फोन हातात येतो आणि मग दहा वाजतात. तीच फाईल उघडी ठेवूनच लॅपटॉप मिटत जा.

सूप मांडीवर घेणं म्हणजे काय, तेही ठरव. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये एका लेखात मांडलं होतं की "मी जास्त काम करीन" या निश्चयापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं जोडून ठरवलेलं जास्त पार पडतं. तुझ्यासाठी: चहाचा कप खाली ठेवला की खुर्चीत. पेपर नाही, फोन नाही. फोन तोवर स्वयंपाकघरात, शेंगा चटणीच्या डब्याशेजारी. तिथे जाऊन तो घ्यायचा म्हणजे आईसमोरून जावं लागेल, आणि आई विचारेल, "झालं का रे काम?" फुकटचा मुकादम.

खुर्ची मात्र पलंगापासून लांब हवी. तू पत्रात म्हटलं नाहीस, पण माझी पैज आहे, तू पलंगावर उशीला टेकून काम करतोस. घरात जागा नसेल तर सरळ एखाद्या अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भर. आपल्याकडे स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळपासून बसलेली असतात. त्यांच्यात बसलं की मान आपोआप खाली जाते, बाजूचा पोरगा काय वाचतोय याच्याशी आपलं देणंघेणं नसलं तरी. तिथे फोनवर बोलता येत नाही, हा तोटा नव्हे.

आता वेळ. उद्यापासून पहाटे पाचला उठीन असलं काही डोक्यात आणू नकोस. दोनला झोपणारा माणूस पाचला उठला तर तिसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत झोपतो. उठण्याची वेळ चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घे, बस. आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसावी. तुला रात्र आवडते असं नाही. रात्री अकराला घरात कुणी तुझं नाव घेऊन हाक मारत नाही, म्हणून तेव्हा काम होतं. तुला हवी आहे शांतता. ती सकाळी साडेसात ते साडेदहा मिळाली तर रात्रीची गरज उरणार नाही.

ती मिळवायची कशी? "मला डिस्टर्ब करू नका" असं घरात म्हणून काही होत नाही. मराठी घरात या वाक्याचा अर्थ पोरगा चिडलाय एवढाच होतो. वेळ सांगून बघ. "आई, साडेदहाला मी बाहेर येतो, तेव्हा सिलेंडरचं बघतो, बँकेतही जातो." आणि साडेदहाला खरोखर बाहेर ये, दहा मिनिटंसुद्धा इकडेतिकडे नको. पहिल्या आठवड्यात दार वाजेलच, तेव्हा अक्कांसारखं म्हण, एवढं बंडल होऊ दे. दोन-तीन आठवड्यांत आईच इतरांना सांगेल, साडेदहाला येतोय तो. तू घरात आहेस म्हणजे रिकामा आहेस हा समज वाद घालून जात नाही, तुझं साडेदहाचं दार रोज वेळेवर उघडलं की तो आपोआप सैल होतो. पाणी यायच्या दिवशी मात्र या सगळ्याला सुट्टी. चारला उठलास, भरून झालं की झोपू नकोस असलं शहाणपण मी सांगणार नाही. त्या दिवशी हलकं काम ठेव, बिलं, मेल, फोन.

आणि त्या सकाळच्या तीन तासांत सलग काम होत नाही म्हणून खंतावू नकोस. साध्या मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की माग थांबवून भरलेली कांडी घालावी लागते. सलग पाच तास चालणारी कांडी कुणी बनवली नाही. तुझी कांडी चाळीस मिनिटांची धर. संपली की उठ, पाणी पी, खिडकीतून बघ. भरलेली दुसरी शेजारी असली म्हणजे झालं, म्हणजे पुढचं काम कागदावर लिहिलेलं असलं म्हणजे झालं. दिवसात अशा चार कांड्या मनापासून झाल्या तर पुण्याच्या ऑफिसातल्या नऊ तासांपेक्षा कमी काम होत नाही. त्या नऊ तासांत चहा, मीटिंग आणि कँटीन किती होतं ते आठव.

दुपारच्या झोपेबद्दल अपराधी वाटतं असं तुझ्या पत्राच्या सुरावरून वाटलं. इथल्या एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा दुपारी दीड ते चार जागं राहून तू कुणावर उपकार करणार आहेस? डोक्याचं काम सकाळी, दुपारी अर्धा-पाऊण तास झोप, चारनंतर हातचं काम. पुण्याचं वेळापत्रक पुण्याच्या हवेसाठी होतं. फक्त झोपेला गजर लाव.

एकवीस दिवसांच्या चॅलेंजचं एकदाचं निकालात काढते. हा एकवीसचा आकडा १९६० च्या सुमाराला एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या लिखाणातून पसरला. मॅक्सवेल माल्ट्झ त्यांचं नाव. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं "किमान" वाटेत गळलं आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्याच सवयी आल्या. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक साधी गोष्ट करायला सांगून ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते तपासलं. २०१० मध्ये ते छापून आलं. मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ पासून २५४ पर्यंत. म्हणजे दहाव्या दिवशी तुझं मोडलं त्यात तुझं काही बिघडलेलं नव्हतं, तू अजून गावाच्या वेशीतच होतास. त्याच अभ्यासातली माझी आवडती गोष्ट: एखादा दिवस चुकला तर सवय घडण्यात फारसा फरक पडला नाही. चॅलेंजमध्ये मात्र एक दिवस गेला की सगळं पुन्हा एकपासून. असला खेळ कुणी काढला देव जाणे. गड्ड्याच्या जत्रेत दोन दिवस गेले तर जाऊ देत, तिसऱ्या दिवशी कप खाली ठेवलास की खुर्चीत बस.

एक गोष्ट तुझे बाबा विसरलेत. गिरणीला सुटीचाही भोंगा होता. तो झाला की साचा बंद, आणि वडील गिरणी डोक्यात घेऊन घरी यायचे नाहीत. तुला तो नाही, म्हणून दिवसभर काम न करताही दिवसभर कामावरच असल्यासारखा थकतोस. मित्रांत बसलास तरी मनात ती फाईल. संध्याकाळी सातला लॅपटॉप मिटायचा, त्यावर उद्याचा कागद, त्यावर सरळ एक टॉवेल टाकायचा. आपलं गाव आहे टॉवेलांचं, घरात चार जास्तीचे असतीलच. मग कंबर तलावाकडे चक्कर मार, नाहीतर सिद्धेश्वर तलावाच्या काठाने. मुदत अगदी डोक्यावर असेल तर रात्री बसशील, माहीत आहे मला, पण महिन्यातून दोन-तीनदाच.

पैशाचं थोडक्यात: शनिवार सकाळ बिलांची आणि वसुलीची. तुझ्यासारखी माणसं काम करतात आणि बिल पाठवायला लाजतात.

एक प्रश्न मात्र गंभीरपणे. उठावंसं वाटत नाही हे फक्त कामाच्या बाबतीत आहे, की जेवण, मित्र, क्रिकेट कशातच मन लागत नाही? दोन आठवड्यांहून जास्त असं असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर यातलं काही करत बसू नकोस, आधी डॉक्टरांना भेट. मन बरं नसेल तर बोलायला सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या नंबरवर आहे, फुकट, मराठीतही बोलतात. संध्याकाळी मित्रांत रमतोस असं लिहिलंयस म्हणून मला फार काळजी वाटत नाही, पण विचारणं माझं काम.

राहिलं पुणं. आत्ता जाऊ नकोस. आत्ता गेलास तर आपण हरून आलो हेच डोक्यात घेऊन त्या टेबलावर बसशील. तीन महिने हे कर, रात्रीचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेव, आणि मग ते उघडून बघ. कोऱ्या भिंती जास्त निघाल्या आणि तुला माणसांत बसूनच काम होतं असं दिसलं, तर खुशाल नोकरी धर. माझ्या वडिलांनी शेवटी तेच केलं, त्यांना सातला कुणीतरी बोलावणारं लागायचं, आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. यंत्रमागवाल्याकडे त्यांनी पुढे नऊ वर्षं काढली. शेवटच्या दोन वर्षांत मालकच उशिरा यायचा आणि कुलपाची किल्ली वडिलांकडे असायची.